पिकअप (इलेक्ट्रिक गिटार)

इलेक्ट्रिक गिटारच्या पोलादी तारांची कंपने टिपून त्यांचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे साधन म्हणजे पिकअप. तारांखाली बसवलेल्या या छोट्या भागात कायम चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो फेरे गुंडाळलेले असतात. चुंबकाच्या सान्निध्यामुळे वरची पोलादी तारही काही अंशी चुंबकित होते. ती कंप पावू लागली, की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहते आणि मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युत चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वानुसार वेटोळ्यात अल्प विद्युत दाब निर्माण होतो. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तो धातूची हालचाल टिपतो; म्हणूनच नायलॉनच्या तारांवर तो निरुपयोगी ठरतो.

जॉर्ज बीचम यांनी घडवलेला, नालाच्या आकाराचे चुंबक असलेला पिकअप १९३२ मध्ये रिकनबॅकर या गिटार कंपनीच्या ‘फ्राइंग पॅन’ या मांडीवर ठेवून वाजवायच्या गिटारसोबत बाजारात आला. त्याचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले. या एका वेटोळ्याच्या रचनेला ‘सिंगल कॉइल’ म्हणतात. तिचा आवाज स्वच्छ आणि धारदार असतो. मात्र तेच वेटोळे आजूबाजूच्या विजेच्या तारा आणि ट्रान्सफॉर्मर यांचे क्षेत्रही टिपते आणि अँप्लिफायरमधून सतत घुमणारा आवाज येत राहतो. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी त्यावर काढलेला तोडगा या क्षेत्रातील सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक आहे. त्यांनी दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवली, त्यांची जोडणी परस्परविरुद्ध दिशेने केली आणि चुंबकाचे ध्रुवही उलट ठेवले. बाहेरून येणारा गोंगाट दोन्ही वेटोळ्यांत सारखाच उमटत असल्याने तो एकमेकांना रद्द करतो. तारेचा संकेत मात्र जोडणी आणि ध्रुव असा दोनदा उलटल्यामुळे एकत्र येऊन वाढतो. या ‘हमबकर’ पिकअपसाठी १९५५ मध्ये अर्ज झाला आणि पेटंट १९५९ मध्ये मिळाले. त्याच सुमारास रे बट्स यांनीही ग्रेच कंपनीसाठी याच तत्त्वावरचा पिकअप स्वतंत्रपणे तयार केला होता.

पिकअप विकत घेताना बहुतेक जण किलोओहममधील रोधाचा आकडा पाहतात आणि आकडा मोठा म्हणजे आवाज जोरदार, असा निष्कर्ष काढतात. ही समजूत अपुरी आहे. वेटोळ्याची तांब्याची तार जरा अधिक बारीक वापरली, तर फेरे तितकेच राहूनही रोध वाढतो, त्यामुळे निरनिराळ्या बनावटींच्या पिकअपची तुलना या आकड्यावरून करता येत नाही. आवाजाचे वळण ठरते ते वेटोळ्याचे प्रवर्तकत्व (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण) आणि विद्युत धारकता (विद्युत भार साठवण्याची क्षमता) यांच्या जोडीतून. या जोडीमुळे एका ठरावीक कंप्रतेला संकेत उंचावतो आणि त्यापुढे झपाट्याने उतरतो. धारकतेचा मोठा वाटा तर पिकअपच्या बाहेर, गिटारपासून अँप्लिफायरपर्यंतच्या केबलमध्ये असतो. २.५ हेन्री प्रवर्तकत्वाच्या सिंगल कॉइलला एकूण ६०० पिकोफॅरड धारकता मिळाली, तर हा उंचवटा सुमारे ४,१०० हर्ट्झला येतो. लांब केबलमुळे ती १,००० पिकोफॅरड झाली, की तो ३,२०० हर्ट्झच्या आसपास उतरतो आणि आवाज स्पष्टपणे मऊ होतो. व्हॉल्यूमच्या पॉटचाही, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या फिरत्या रोधकाचाही, परिणाम होतो. सिंगल कॉइलसोबत सहसा २५० किलोओहमचे आणि हमबकरसोबत ५०० किलोओहमचे पॉट लावतात, कारण मूल्य जितके कमी तितका हा उंचवटा बसका होतो. पिकअप बदलण्याआधी केबल आणि पॉट तपासावेत, हे म्हणूनच योग्य.

त्याहूनही आधी उंची तपासावी, कारण तिला स्क्रूड्रायव्हरखेरीज काही लागत नाही. शेवटच्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरील धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबून धरली असता तिच्यात आणि पिकअपमध्ये साधारण २ ते ३ मिलिमीटर अंतर ठेवण्याची प्रथा आहे. पिकअप फार वर आणला, तर आवाज वाढतो, पण चुंबक तारेला ओढू लागतो; सूर डळमळतो आणि लवकर विरतो. नेकजवळच्या, म्हणजे गिटारच्या मानेजवळच्या, पिकअपबाबत हा दोष अधिक जाणवतो, कारण तेथे तारेची हालचाल मोठी असते.

जुन्या पिकअपमध्ये वेटोळ्याचे फेरे सैल असले, तर मोठ्या आवाजात ते स्वतःच थरथरतात आणि कर्कश शिटी सुरू होते. अशा वेळी पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून फेरे घट्ट बसवले जातात. पॅराफिनमध्ये थोडे मधमाश्यांचे मेण मिसळतात आणि मिश्रण थेट ज्योतीवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात तापवतात.

दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकाच गिटारमध्ये बसवल्यावर दोन्ही एकत्र वाजवताना आवाज पोकळ आणि क्षीण वाटला, तर त्यांचे संकेत परस्परविरुद्ध आहेत असे समजावे. एका पिकअपमधून बाहेर येणाऱ्या दोन जोडणीच्या तारांची अदलाबदल केली, की हा दोष जातो. मात्र त्या पिकअपचे धातूचे आवरण यांपैकी एका तारेला जोडलेले असेल, तर सोल्डरिंगपूर्वी ते सोडवून त्याला अर्थिंगची स्वतंत्र तार द्यावी लागते, नाहीतर अदलाबदलीनंतर आवरण संकेताच्या बाजूला जाते आणि त्याला हात लागताच गोंगाट वाढतो.