संकेतस्थळ-सुगम्यतेचे दावे, किरकोळ विक्रीतील

विक्रेत्याचे संकेतस्थळ किंवा मोबाइल ॲप दृष्टिबाधित ग्राहकाला वापरता येत नसल्यास भेदभावाच्या कारणावरून दाखल होणारे दिवाणी दावे. हे दावे मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील असून त्यांचा आधार ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट’ (यापुढे एडीए) हा २६ जुलै १९९० रोजी मंजूर झालेला कायदा आहे. त्याचे तिसरे प्रकरण खासगी व्यवसायांना लागू होते.

अंध ग्राहक जॉज, एनव्हीडीए, व्हॉइसओव्हर यांसारख्या स्क्रीन रीडरच्या साहाय्याने पान ऐकतो व कळफलकाने फिरतो. चित्राला पर्यायी मजकूर नसणे, अर्जातील रकान्यांना नावे जोडलेली नसणे आणि बटण केवळ माउसनेच दाबले जाणे, या तक्रारी बहुतेक दाव्यांत आढळतात. शेवटचा दोष सर्वांत अडचणीचा, कारण माल निवडून झाल्यावर पैसे भरण्याच्या पायरीवर खरेदी अडते.

या दाव्यांचा प्रारंभ सामान्यतः टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीवरील खटल्यापासून (२००६) धरतात. किरकोळ विक्रीपुरते ते ग्राह्य आहे. मात्र नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेने नोव्हेंबर १९९९ मध्येच अमेरिका ऑनलाइन या कंपनीवर दावा लावला होता व तो पुढील वर्षी तडजोडीने मागे घेतला. २००४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्याने रमाडा व प्राइसलाइन यांच्या संकेतस्थळांबाबत समझोते केले. न्यायालयीन निर्णयाविना मिटल्यामुळे ही प्रकरणे विधिग्रंथांत मागे पडली असावीत.

‘स्थाना’चा वाद : एडीएमध्ये ‘सार्वजनिक सेवास्थाना’चे बारा वर्ग दिले आहेत. त्यांत हॉटेल, नाट्यगृह, किराणा दुकान, धुलाईकेंद्र आहेत. १९९० मध्ये ऑनलाइन दुकान नव्हते, म्हणून ते नाही. यावरून संघीय अपील न्यायालयांत (ती ‘सर्किट’ या प्रादेशिक विभागांनी ओळखली जातात) फूट पडली. पहिल्या सर्किटच्या न्यायालयाने कारपार्ट्स प्रकरणात (१९९४) यादीतील ‘प्रवाससेवा’ या नोंदीवर बोट ठेवले : अशा सेवा फोनवरूनही घेतल्या जातात, दुकानात पाऊल टाकणाऱ्यालाच संरक्षण देणे विसंगत ठरेल. तिसऱ्या व नवव्या सर्किटने भौतिक जागेचा आग्रह धरला. फ्लोरिडातील जिल्हा न्यायालयाने साउथवेस्ट एअरलाइन्स प्रकरणात (२००२) संकेतस्थळ हे स्थानच नव्हे, असे म्हणून दावा फेटाळला.

टार्गेट खटल्यात न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी ६ सप्टेंबर २००६ च्या आदेशात मधला मार्ग काढला. कायद्यात स्थाना‘च्या’ सेवा असे म्हटले आहे, स्थाना‘तील’ नव्हे. तेव्हा संकेतस्थळाचा प्रत्यक्ष दुकानांशी संबंध असेल तेवढ्यापुरता दावा चालेल. हा ‘संबंध-निकष’ पुढे बराच रुळला. कायद्याच्या शब्दांच्या दृष्टीने तो भक्कम दिसतो, परंतु त्याचा परिणाम विचित्र आहे : दुकाने असलेला विक्रेता बांधील, दुकान नसलेला मोकळा. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने २०२२ मध्ये फक्त ऑनलाइन विक्री करणाऱ्या विक्रेत्याला एडीएबाहेर ठेवून हा परिणाम स्वीकारलाही. कारपार्ट्सची भूमिका कायद्याच्या हेतूला अधिक जवळची वाटते. टार्गेटने ऑगस्ट २००८ मध्ये चूक मान्य न करता तडजोड केली. कॅलिफोर्नियातील दावेदारांसाठी ६० लाख डॉलरचा निधी ठेवला आणि संकेतस्थळ तपासण्याचे काम दावा लावणाऱ्या फेडरेशनकडेच आले.

विन-डिक्सी या किराणा साखळीवरील दाव्यात फ्लोरिडातील न्यायालयाने जून २०१७ मध्ये पूर्ण सुनावणीनंतर अंध ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. औषधांची पुनर्मागणी आणि डिजिटल कूपन या सोयींवरून तो वाद होता. एप्रिल २०२१ मध्ये अकराव्या सर्किटने दोन विरुद्ध एक मतांनी तो फिरवला. खालच्या न्यायालयाच्या मनाईहुकुमाची (संकेतस्थळ सुधारण्याच्या आदेशाची) मुदत तोवर संपली होती, म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने स्वतःचा व खालचा असे दोन्ही निकाल रद्द केले. एप्रिलचा निकाल प्रचलित कायदा म्हणून देणे त्यामुळे चूक आहे.

डॉमिनोज पिझ्झावरील खटला खाद्यगृहाचा असला तरी येथे महत्त्वाचा. शासनाने तांत्रिक मानक ठरवलेच नाही, मग आम्ही पाळायचे काय, हा कंपनीचा बचाव नवव्या सर्किटने जानेवारी २०१९ मध्ये अमान्य केला आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. बचाव अगदीच पोकळ नव्हता. न्याय विभागाने नियमांची पूर्वसूचना २०१० मध्ये काढली व डिसेंबर २०१७ मध्ये मागे घेतली. त्याच विभागाचा एप्रिल २०२४ चा संकेतस्थळांविषयीचा नियम केवळ राज्य व स्थानिक शासनांसाठी आहे. प्रत्यक्षात तडजोडपत्रांत डब्ल्यूसीएजी या संकेतस्थळ-सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांची २.० (२००८) किंवा २.१ (२०१८) आवृत्ती, ‘एए’ ही मधली पातळी, लिहिली जाते.

दाव्यांची संख्या : कंपन्यांची वकिली करणाऱ्या एका विधिसंस्थेच्या मोजणीनुसार संघीय न्यायालयांत २०१७ मध्ये असे सुमारे ८०० दावे होते, २०१८ मध्ये ते सव्वादोन हजारांवर गेले. एडीएखाली खासगी वादीला नुकसानभरपाई मिळत नाही, मनाईहुकूम व वकिलाचा खर्च मिळतो. कॅलिफोर्नियाच्या अनरुह या नागरी हक्क कायद्याखाली मात्र किमान ४,००० डॉलर मिळतात. त्यामुळे लढण्यापेक्षा मिटवणे विक्रेत्याला परवडते आणि निकाल थोडे राहतात. साचेबंद फिर्यादींवर टीकाही झाली. स्वारोव्स्की प्रकरणात (२०२२, वाद ब्रेल गिफ्ट कार्डांचा) दुसऱ्या सर्किटने एकाच मजकुराच्या फिर्यादी फेटाळताना वादीचा दुकानात परत जाण्याचा खरा इरादा दिसला पाहिजे, असे म्हटले. हाच मुद्दा पुढे संकेतस्थळांच्या दाव्यांतही उपस्थित होऊ लागला.

पानावर कोडची एक ओळ चिकटवून सुगम्यता आणून देण्याचा दावा करणारी ‘ओव्हरले’ साधने अशा खटल्यांच्या भीतीवर विकली गेली. त्यांपैकी ॲक्सेसिबी या कंपनीने फसव्या जाहिरातीच्या आरोपावरून २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक-संरक्षण यंत्रणेला १० लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

इतर देश : युरोपीय संघात २०१९ चा सुगम्यता निर्देश २८ जून २०२५ पासून ई-व्यापाराला लागू झाला. भारतात दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४६ खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुगम्यतेचे केवळ शिफारसवजा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवले आणि ३० एप्रिल २०२५ रोजी केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवांची उपलब्धता संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये मोडते, असा निर्णय दिला.