अँटिगनी (झाँ आनुई)

सोफोक्लीसच्या इ.स.पू. 441 च्या सुमाराच्या शोकांतिकेवरून फ्रेंच नाटककार झाँ आनुई (1910–87) यांनी लिहिलेले सलग, अंकविरहित नाटक. पहिला प्रयोग फेब्रुवारी 1944 मध्ये जर्मन अमलाखालच्या पॅरिसमध्ये, मोंमार्त्रच्या आतलिए नाट्यगृहात झाला. दिग्दर्शन आंद्रे बार्साक यांचे.

कथानक मुळातलेच. थीब्ज या ग्रीक नगराच्या गादीसाठी दोघे भाऊ एकमेकांना मारतात. राजा क्रेऑन एकाला इतमामाने पुरतो, दुसऱ्याचे प्रेत उघड्यावर टाकतो आणि त्याला माती देणाऱ्यास देहदंड फर्मावतो. बहीण अँटिगनी हुकूम मोडते. मूळ नाटकात ती देवांच्या अलिखित नियमांचा हवाला देते. आनुईंनी हा आधारच काढून घेतला. देवांची वाणी सांगणारा अंध टायरेसिअसही वगळला. त्यातच क्रेऑन तिला सांगतो, की दोघेही भाऊ सारखेच नालायक होते आणि प्रेते इतकी चेंदामेंदा झाली होती, की कोणते कोणाचे हेही ओळखता आले नाही. तरीही ती हटत नाही. या वादात क्रेऑनला इतके सबळ युक्तिवाद दिले आहेत, की नाटकाचे खरे बळ तिथेच आहे, आणि त्यावरच्या आक्षेपांचे मूळही.

पडदा उघडतो तेव्हा सगळी पात्रे रंगमंचावर असतात: कोणी विणते आहे, कोणी पत्ते खेळतो आहे. नेपथ्यात तीन सारखे दरवाजे, बस्स. ग्रीक नाटकात घटनांवर भाष्य करणारा समूह म्हणजे कोरस; इथे तो एकच माणूस. तो येऊन कोण मरणार हे आधीच सांगून टाकतो. राजघराणे आधुनिक समारंभी पोशाखात, पहारेकरी काळ्या रेनकोटांत. संवादांत कॉफी, सिगारेटी, मोटारी. अँटिगनी माती उकरते ती खेळण्यातल्या फावड्याने. सुट्टीत समुद्रकाठी वाळूचे किल्ले करायचे ते हे फावडे. दांड्यावर भावाने चाकूने आपले नाव कोरलेले. प्राचीन वेषातल्या नायिकेच्या हाती हे फावडे हास्यास्पद ठरले असते. पहारेकरी मात्र दुष्ट नाहीत. त्यांना पगार, बढती आणि बायकापोरांची काळजी. आजच्या प्रेक्षकाला क्रेऑनपेक्षा तेच जास्त अस्वस्थ करतात.

जर्मन सेन्सॉरने प्रयोगाला परवानगी दिली. काही प्रेक्षकांना अँटिगनीच्या नकारात जर्मनांविरुद्धची प्रतिकार चळवळ दिसली. या चळवळीच्या भूमिगत वृत्तपत्रांनी मात्र नाटकावर टीका केली, कारण सत्तेशी तडजोड करणारा क्रेऑन यात समजूतदार वाटतो. पॅरिस जर्मनांपासून मुक्त झाल्यावरही नाटक चालू राहिले. 1949 मध्ये लंडनला ओल्ड व्हिक नाट्यसंस्थेच्या प्रयोगात लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी दिग्दर्शनाबरोबर कोरसची भूमिका केली. व्हिव्हियन ली अँटिगनी होत्या.

जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्ट यांनी याच कथेचे वेगळे रूपांतर 1948 मध्ये स्वित्झर्लंडमधील कूर येथे रंगभूमीवर आणले. त्याची प्रस्तावना 1945 च्या बर्लिनमध्ये घडते, आणि त्यातला क्रेऑन सरळसरळ लुटारू हुकूमशहा आहे. त्याची बाजू घ्यायला प्रेक्षकाला जागाच ठेवलेली नाही.