वास तोंडाला, संशय पोटावर

१९८४ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरांनी गढूळ दिसणारा एक द्रव घटाघटा पिऊन टाकला. एका रुग्णाच्या जठरातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून त्यात मिसळले होते. अल्सर चिंतेने, तिखटाने, फार आम्ल झाल्याने होतो, असं तेव्हा डॉक्टरही मानत. मार्शल आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी रॉबिन वॉरन यांचा संशय मात्र मळसूत्रासारख्या वळणदार अशा एका जिवाणूवर होता.

थोड्याच दिवसांत मार्शल यांची भूक मेली, सकाळी उलट्या होऊ लागल्या आणि तोंडाला घाण वास यायला लागला. दुसऱ्या आठवड्यात दुर्बिणीतून पाहिलं, तर जठराचं अस्तर सुजलेलं होतं. तो जिवाणू म्हणजेच हेलिकोबॅक्टर पायलोरी. २००५ मध्ये या शोधासाठी दोघांना नोबेल मिळालं.

या कहाणीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्या उलटीची गोष्ट. नुसतं पाणी पडत होतं, आंबटपणा नव्हता. नव्या संसर्गाने जठरातलं आम्ल काही काळ जवळपास थांबलं होतं. आम्ल हा पोटाचा पहारेकरी; तो हटला की इतर जिवाणूंनाही तिथे वाढायला मोकळं रान मिळतं.

एरवी हा जिवाणू आम्लात टिकतो तो युरिएज नावाच्या विकरामुळे. जठरातल्या युरियाचे तो अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड करतो आणि अमोनियाच्या आवरणात सुखाने राहतो. श्वासावरची तपासणी याच गुणावर चालते. खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायला देतात आणि थोड्या वेळाने पिशवीत फुंकायला सांगतात. जिवाणू असेल तर खुणेचा कार्बन असलेला कार्बन डायऑक्साइड श्वासात सापडतो. पण तो वायू रक्तातून फुप्फुसात येतो आणि त्याला वास नसतो. 'श्वासात सापडला, म्हणजे वासही त्याचाच' असं यातून ठरत नाही.

मग जुन्या संसर्गाने तोंडाला वास येतो का? काही रुग्णांत संबंध दिसतो. प्रयोगशाळेत या जिवाणूने सडक्या अंड्यासारखा वास असलेले गंधकाचे वायू तयार केल्याचंही दिसलं आहे. उपचारानंतर वास कमी झाला असं सांगणारे रुग्ण आहेत. पण उपचारात दोन-दोन अँटिबायोटिक्स असतात आणि ती तोंडातले जिवाणूही मारतात. श्रेय कुणाला द्यायचं? शिवाय अन्ननलिकेचं खालचं दार एरवी बंद असतं, त्यामुळे ढेकर सोडली तर पोटातला वायू सारखा वर येत नाही.

आपल्याकडे 'पोट साफ नाही म्हणून वास येतो' हे इतकं रुळलंय की माणूस वर्षानुवर्षं चूर्णं घेत राहतो आणि हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताकडे दुर्लक्ष करतो. मला याचं खरोखर वाईट वाटतं, कारण बहुतेकांच्या बाबतीत वासाचं मूळ तोंडातच असतं: जिभेच्या मागच्या भागावरचा थर, सुजलेल्या हिरड्या, किडलेली दाढ. चमचा उलटा धरून जिभेच्या अगदी मागून हलकेच ओढा, निघालेला पांढरट थर काही सेकंद सुकू द्या आणि हुंगा. तिथेच वास आला तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा.

तोंड निरोगी असूनही वास जात नसेल आणि जोडीला पोटाच्या वरच्या भागात दुखणं, मळमळ, दोन घासांत पोट भरणं असेल, तर या जिवाणूची तपासणी जरूर करावी. शी काळी होत असेल किंवा वजन घटत असेल तर थांबूच नका. अल्सरच नव्हे, जठराच्या कर्करोगाशीही त्याचं नातं आहे. मात्र मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. अर्धवट औषधाने हा जिवाणू निर्ढावतो. तपासणीला जाताना रोजची पित्ताची गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा. ओमेप्राझोलसारख्या गोळ्या साधारण २ आठवडे आधी थांबवायला लागतात, नाहीतर जिवाणू असूनही अहवालात तो नाही असं येऊ शकतं.