ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया या प्रांतातले सार्वजनिक विद्यापीठ. मुख्य परिसर व्हँकुव्हर शहराच्या पश्चिमेला, समुद्रात घुसलेल्या पॉइंट ग्रे या भूशिरावर. दुसरा प्रांताच्या अंतर्भागात केलोना येथे. बोलण्यात सर्रास ‘यूबीसी’. अध्यापनाला सुरुवात १९१५ मध्ये झाली. दोन्ही परिसर मिळून आज सत्तर हजारांच्या आसपास विद्यार्थी शिकतात.

प्रांताला स्वतःचे विद्यापीठ हवे, ही सूचना शिक्षण अधीक्षक जॉन जेसप यांनी १८७७ मध्येच केली होती. १८९० मध्ये कायदाही झाला. पण राजधानीचे शहर व्हिक्टोरिया एका बेटावर आणि वाढते व्हँकुव्हर मुख्य भूमीवर. विद्यापीठ कोणाच्या अंगणात, यावरून दोघांत जुंपली, अधिसभेची गणपूर्तीही होईना आणि घोंगडे भिजत पडले. मधल्या काळात पूर्वेकडच्या माँट्रियलमधील मॅक्‌गिल विद्यापीठाने ती पोकळी भरली. १८९९ मध्ये व्हँकुव्हरचे हायस्कूल मॅक्‌गिलशी संलग्न झाले आणि १९०६ मध्ये त्यातूनच मॅक्‌गिलचे रीतसर कॉलेज उभे राहिले. म्हणजे स्वतःचे विद्यापीठ मिळेपर्यंत इथली मुले हजारो किलोमीटरवरच्या संस्थेच्या नावाने शिकत होती. १९०८ मध्ये नवा कायदा आला, १९१० मध्ये जागा ठरवणाऱ्या आयोगाने पॉइंट ग्रेची शिफारस केली आणि १९१३ मध्ये जीवाणुशास्त्रज्ञ फ्रँक वेस्ब्रुक पहिले अध्यक्ष झाले.

वेस्ब्रुक यांची स्वप्ने मोठी होती, मुहूर्त मात्र वाईट लागला. १९१४ मध्ये विज्ञान इमारतीचा सांगाडा उभा राहतो न राहतो तोच महायुद्ध पेटले आणि काम थांबले. ग्रंथालयासाठी पुस्तके खरेदी करायला युरोपात पाठवलेले जेम्स जेरूल्ड जर्मनीत हेर असल्याच्या संशयावरून पकडले गेले, पुढे सुटले. ३० सप्टेंबर १९१५ रोजी विद्यापीठ उघडले ते पॉइंट ग्रेवर नव्हे, तर फेअरव्ह्यू भागात, इस्पितळाला लागून असलेल्या मॅक्‌गिल कॉलेजच्या जुन्या जागेत. विद्यार्थी ३७९. त्या लाकडी इमारतींना विद्यार्थी सरळ ‘शॅक्स’, म्हणजे खोपटी, म्हणत. १९१८ मध्ये वेस्ब्रुक वारले. युद्ध संपले, सैनिक परतले, विद्यार्थिसंख्या तिपटीवर गेली. वर्ग तंबूत, माळ्यावर, जवळच्या चर्चच्या तळघरात भरू लागले. पॉइंट ग्रेवरचा सांगाडा तसाच पावसात उभा होता.

इथून पुढची गोष्ट विद्यार्थ्यांची, आणि यूबीसीच्या इतिहासातला सगळ्यात वाचनीय भाग हाच. १९२२ मध्ये त्यांनी ‘विद्यापीठ बांधा’ ही मोहीम काढली. विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष ॲब रिचर्ड्स तिच्या पुढे होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलेल्या मुलामुलींनी आपापल्या गावात सह्या गोळा केल्या, मग शहरात दारोदार हिंडून आणखी मिळवल्या. एकूण ५६,०००. २८ ऑक्टोबर १९२२ रोजी सुमारे बाराशे विद्यार्थी बँड, फलक आणि सजवलेल्या गाड्या घेऊन शहराच्या मध्यभागातून निघाले. पुढचा टप्पा ट्रामने आणि शेवटचा पायी. पॉइंट ग्रेला पोचल्यावर ते त्या अर्धवट इमारतीवर चढले, मजल्यामजल्यावर कडेला दाटीवाटीने बसले. भिंती नसल्याने समोरून सगळा सांगाडा माणसांनी भरलेला दिसतो. तो फोटो आजही विद्यापीठाची ओळख म्हणून छापला जातो. जाताना प्रत्येकाने आणलेला दगड एका स्मारकाच्या पोकळीत टाकला. ते स्मारक परिसरातील मुख्य रस्त्यावर अजून आहे. या मोर्चाला ‘ग्रेट ट्रेक’ म्हणतात. काही दिवसांतच सरकारने बांधकामासाठी १५ लाख डॉलर मंजूर केले आणि १९२५ च्या सप्टेंबरमध्ये वर्ग पॉइंट ग्रेवर भरले. विद्यापीठाचे लॅटिन ब्रीद ‘तूम एस्त’. त्याचा अर्थ ‘हे तुझे आहे’ असाही होतो आणि ‘आता तुझ्यावर आहे’ असाही. ते वेस्ब्रुक यांच्या काळातले. मोर्चानंतर दुसरा अर्थ जास्त पटू लागला असणार.

हाच अभिमान १९४२ मध्ये उघडा पडला. जपानी वंशाच्या कॅनेडियन नागरिकांना किनाऱ्यावरून सक्तीने हलवण्यात आले, तेव्हा यूबीसीच्या ७६ विद्यार्थ्यांचेही शिक्षण तुटले. विद्यापीठ त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाही. त्यांना सन्माननीय पदव्या मिळाल्या २०१२ मध्ये. तोवर अनेक जण हयात नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा तोच पेच, पण कित्येक पट मोठा. १९४४-४५ मधील सुमारे ३,००० विद्यार्थी तीन वर्षांत ९,००० च्या वर गेले. अध्यक्ष नॉर्मन मॅकेंझी यांनी दारे बंद केली नाहीत. रिकाम्या सैनिकी छावण्यांतल्या बराकी उचलून आणल्या. कशात वर्ग, कशात वसतिगृह. सैन्यातून परतलेली माणसे पुन्हा बराकीतच बसून शिकली. विधी विभाग १९४५ मध्ये आणि वैद्यकीय शिक्षण १९५० मध्ये सुरू झाले. १९६३ मध्ये अध्यक्ष जॉन मॅक्‌डोनाल्ड यांच्या अहवालाने प्रांतात आणखी विद्यापीठांची गरज मांडली. त्याच वर्षी व्हिक्टोरियाला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले, तर १९६५ मध्ये सायमन फ्रेझर विद्यापीठ सुरू झाले. ओकानागन परिसर २००५ चा.

भारतीय वाचकासाठी इथे एक ओळखीचे नाव आहे. हरगोविंद खुराना १९५२ ते १९६० या काळात यूबीसीच्या परिसरातील प्रांतिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. नोबेल त्यांना पुढे अमेरिकेत असताना, १९६८ मध्ये मिळाले. पण त्यांच्या न्यूक्लिओटाइड (डीएनएचे घटक) रसायनशास्त्राचा पाया व्हँकुव्हरचा. १९५६ मध्ये त्यांच्या हाताखाली आलेला इंग्रज तरुण मायकेल स्मिथ पुढे इथेच स्थिरावला. डीएनएमध्ये हव्या त्या जागी बदल घडवण्याच्या पद्धतीबद्दल त्याला १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बक्षिसाची रक्कम त्याने स्किझोफ्रेनियावरील संशोधनाला आणि विज्ञानप्रसाराला देऊन टाकली.

पॉइंट ग्रे ही मस्क्वियम या मूळ लोकांची भूमी. त्यांनी ती कोणत्याही कराराने कोणाला दिलेली नाही, आणि विद्यापीठ आता ते जाहीरपणे मान्य करते. १९७६ मध्ये वास्तुकार आर्थर एरिकसन यांच्या इमारतीत आलेल्या मानववंशशास्त्र संग्रहालयात किनाऱ्यावरील जमातींचे कोरीव खांब आहेत. २०१७ मध्ये हायडा जमातीचे शिल्पकार जेम्स हार्ट यांनी कोरलेला आणखी एक खांब परिसरात उभा राहिला. त्यावर मधल्या पट्ट्यात निवासी शाळेची, म्हणजे मूळ लोकांच्या मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या शाळेची, इमारत कोरली आहे आणि तिच्यावर हजारो तांब्याचे खिळे ठोकलेले आहेत. अशा शाळांत दगावलेल्या मुलांची ती आठवण. यातले खिळे त्या शाळांतून वाचलेल्यांनी आणि मृतांच्या आप्तांनीही ठोकले.

अलीकडे विद्यापीठ जमिनीच्या जोरावरही वाढते आहे. परिसराच्या दक्षिणेला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने उंच इमारतींतील सदनिका विकल्या जातात आणि त्यातून येणारा पैसा विद्यापीठाच्या निधीत जमा होतो. त्या वस्तीचे नाव वेस्ब्रुक व्हिलेज. ज्यांना पॉइंट ग्रेवर एकही वर्ग भरलेला पाहता आला नाही, त्यांचेच.