शेक, यंत्र आणि पुरावा : फिजिओथेरपीतील एका बदलाची पार्श्वभूमी

कंबरदुखीसाठी फिजिओथेरपिस्टकडे गेलेल्या रुग्णाला यंत्राऐवजी चार व्यायाम शिकवून घरी पाठवले, की ‘मशीन लावलंच नाही’ अशी त्याची तक्रार असते. आपल्याकडे फिजिओथेरपीला आजही अनेक जण ‘शेक घेणे’ किंवा ‘करंट घेणे’ असेच म्हणतात, त्यामुळे या तक्रारीत नवल नाही. मात्र यंत्र बाजूला ठेवण्यामागे सुमारे तीस वर्षांचा वाद आहे आणि तो रुग्णापर्यंत क्वचितच पोहोचतो.

भारतात या विषयाचे पद्धतशीर शिक्षण 1950च्या दशकाच्या आरंभी, पोलिओच्या साथींच्या पार्श्वभूमीवर, मुंबईत सुरू झाले. त्यानंतरची काही दशके उपचार वरिष्ठांच्या हाताखाली, पाहून आणि करून शिकले जात. या पद्धतीने उत्तम हात घडवले; परंतु एखादा उपचार चालतो की रुग्ण आपोआपच बरा होत असतो, हा प्रश्न तिच्यात फारसा विचारला जात नसे.

तो प्रश्न बाहेरून आला. कॅनडातील हॅमिल्टन येथील डॉक्टरांच्या गटाने 1992 मध्ये पुराव्यावर आधारित वैद्यकाची मांडणी केली आणि 1996 मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात तिची बहुचर्चित व्याख्या प्रसिद्ध झाली. उपलब्ध संशोधनातील सर्वोत्तम पुरावा, उपचार करणाऱ्याचे स्वतःचे कौशल्य आणि समोरच्या रुग्णाच्या अडचणी व पसंती यांचा एकत्रित विचार करून निर्णय घ्यावा, असा तिचा आशय होता. फिजिओथेरपीत ती कल्पना लवकरच रुजू लागली. 1999 मध्ये सिडनीत ‘पेड्रो’ ही विनामूल्य माहितीसूची सुरू झाली. फिजिओथेरपीचे उपचार रुग्णांवर तुलना करून तपासणाऱ्या चाचण्या, अशा चाचण्यांचे आढावे आणि मार्गदर्शक सूचना तीत एकत्र सापडतात आणि प्रत्येक चाचणीच्या पद्धतीला दहापैकी गुण दिलेले असतात.

मराठीत या प्रवासाची एक अडचण शब्दापाशीच सुरू होते. इंग्रजीतील ‘एव्हिडन्स’ आणि ‘प्रूफ’ या दोन्हींसाठी आपण ‘पुरावा’ हाच शब्द वापरतो आणि तो कचेरी-कोर्टातून आलेला असल्यामुळे त्याच्याभोवती निकालाची छाया असते : पुरावा असला तर आरोप सिद्ध, नसला तर निर्दोष सुटका. संशोधनातील पुरावा असा वागत नाही. तो कमी-अधिक बळकट असतो, एका आजाराबाबत असतो तर दुसऱ्याबाबत नसतो, आणि नवी चाचणी झाली की त्याचे वजन बदलते. ‘या उपचाराचा उपयोग होतो असा पुरावा नाही’ आणि ‘या उपचाराचा उपयोग होत नाही असा पुरावा आहे’ ही दोन वाक्ये कानाला जवळजवळ सारखी वाटतात. पहिल्यात चाचण्या झालेल्याच नसण्याची किंवा त्या फार लहान असण्याची शक्यता असते. दुसऱ्यात चाचण्या होऊन उत्तर मिळालेले असते. फिजिओथेरपिस्टांमधील निम्मे वाद, माझ्या मते, या दोन वाक्यांच्या सरमिसळीतून निर्माण झाले आहेत.

दुखऱ्या भागावर ध्वनिलहरींनी उपचार करणाऱ्या अल्ट्रासाउंड यंत्राचे (सोनोग्राफीचे नव्हे) उदाहरण घ्यावे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने मागील पंचवीस वर्षांतील 35 चाचण्या तपासल्या. त्यांपैकी केवळ 10 चाचण्यांची पद्धत स्वीकारार्ह ठरली. त्या दहांपैकी आठांत चालू यंत्र बंद ठेवलेल्या यंत्रापेक्षा सरस ठरले नाही. मनगटातील नस दबणे आणि खांद्याच्या स्नायुबंधात कॅल्शियम साठणे या दोन तक्रारींत तेवढा फायदा दिसला. अल्ट्रासाउंडच्या लहरी रुग्णाला सहसा जाणवत नाहीत, म्हणून यंत्र खरोखर चालू आहे की नाही हे त्याच्यापासून लपवता येते. व्यायाम शिकवताना असे काहीच लपवता येत नाही. त्यामुळे पेड्रोच्या गुणांकनात व्यायामाच्या चाचण्यांना सहसा पूर्ण गुण मिळू शकत नाहीत, आणि ज्या उपचाराची परीक्षा सर्वांत कडक घेता येते तोच अनेक ठिकाणी कसोटीला उतरला नाही. यंत्राचे समर्थक पुढे बराच काळ ‘पुरेसा पुरावा नाही, म्हणून थांबावे असेही नाही’ एवढेच म्हणत राहिले.

2016 मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड, टेन्स व इंटरफेरेन्शियल करंट (हे दोन्ही त्वचेवरून सौम्य विद्युतप्रवाह देण्याचे प्रकार), ट्रॅक्शन (मणक्याला ताण देणे) आणि कंबरेचे पट्टे देऊ नयेत, असे स्पष्ट शब्दांत म्हटले. त्याच सूचनांच्या 2009 च्या आवृत्तीने सुचवलेले अॅक्युपंक्चरही त्यांनी मागे घेतले. सात वर्षांत सल्ला उलटतो तर त्यावर विसंबावे कशाला, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. सल्ला बदलण्याची तयारी असणे हीच या पद्धतीची प्रामाणिकता आहे, असे मला वाटते. मात्र पूर्वी शिकवले तेच करत राहणाऱ्या थेरपिस्टाला त्याचा त्रास होतो, हेही खरे. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातील फिजिओथेरपिस्टांच्या 1997 मधील पाहणीत उपचार निवडण्याचे प्रमुख कारण ‘मूळ शिक्षणात शिकवले होते’ हेच आढळले होते. अमेरिकेतील 2003 च्या पाहणीत वेळेचा अभाव ही सर्वांत मोठी अडचण ठरली. एकामागून एक रुग्ण बाहेर बाकावर बसलेले असताना आणि आकारणी ‘सिटिंग’वर होत असताना शोधनिबंध वाचायला वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न आपल्याकडील थेरपिस्टलाही वेगळा नाही.

ज्या ठिकाणी संशोधन सोप्या कृतीच्या रूपात आले, तिथे ते टिकले. डेन्मार्कमध्ये 2013 पासून गुडघा व खुब्याच्या सांधेदुखीसाठी समजावून सांगण्याची दोन सत्रे आणि देखरेखीखालील व्यायामाची बारा सत्रे, असा ठरलेला कार्यक्रम थेरपिस्टांना शिकवला जातो. 2018 मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील 441 रुग्णांच्या चाचणीत, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी अर्धा तास श्वसनाचे व्यायाम समजावल्याने फुप्फुसांच्या गुंतागुंतीचे प्रमाण 27 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आले.

पक्षाघाताच्या बाबतीत मात्र अपेक्षा दोनदा चुकल्या. 2015 मध्ये पाच देशांतील 2104 रुग्णांच्या चाचणीत पहिल्या 24 तासांतच सुरुवात करून वारंवार उठवलेल्यांची स्थिती तीन महिन्यांनी इतरांपेक्षा किंचित वाईट निघाली. लवकर उठवणे चांगलेच, ही थेरपिस्टांची ठाम समजूत होती. 2017 मध्ये भारतातील 14 रुग्णालयांतील 1250 रुग्णांच्या चाचणीत घरच्या माणसांना व्यायाम करून घ्यायला शिकवले गेले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्वाचे प्रमाण असे शिक्षण मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत 47 टक्केच राहिले. या निकालाचा ‘घरच्यांनी केलेल्या व्यायामाचा उपयोग नाही’ असा अर्थ काही जणांनी लावला. चाचणीने तपासले होते ते एवढेच, की नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घरच्यांना दिलेल्या विशिष्ट प्रशिक्षणाने काही भर पडते का.