रॉस पेरो 1992 आणि रॉस पेरो 1996: दोन्ही वेळा अपक्ष नव्हता हो!

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी अब्जाधीश अपक्ष उभा राहायचा विषय निघाला की कोणीतरी टेक्सासच्या रॉस पेरोचं नाव घेतंच आणि पुढे ठोकून देतं की तो दोनदा अपक्ष लढला. अपक्ष तो एकदाच होता, 1992 ला. 1996 ला तो रिफॉर्म पार्टीचा उमेदवार होता, आणि ही पार्टी त्यानेच 1995 मध्ये काढलेली, त्यामुळे गोंधळ होणारच म्हणा.

आधी 92 चं बघू, कारण खरी मजा तिथेच आहे. माणूस मुळात आयबीएमचा सेल्समन, 1962 ला ईडीएस नावाची कॉम्प्युटर सेवांची कंपनी काढली, 1984 मध्ये ती जनरल मोटर्सला अडीच अब्ज डॉलरला विकली. फेब्रुवारी 92 मध्ये लॅरी किंगच्या टीव्ही शोमध्ये बोलून गेला की लोकांनी पन्नासही राज्यांत माझं नाव मतपत्रिकेवर आणलं तर उभा राहतो. लोकांनी खरंच सह्या गोळा केल्या! जूनमध्ये गॅलप संस्थेच्या जनमत पोलमध्ये हा तेव्हाचे अध्यक्ष बुश (थोरले, रिपब्लिकन) आणि डेमोक्रॅट क्लिंटन दोघांच्याही पुढे, 39 टक्के. आणि मग जुलैमध्ये अचानक माघार, ऑक्टोबरमध्ये परत मैदानात, वर माघारीचं कारण काय तर म्हणे रिपब्लिकनवाले माझ्या मुलीच्या लग्नात गोंधळ घालणार होते. एवढं होऊनसुद्धा तिन्ही डिबेटमध्ये त्याला जागा मिळाली, प्राइम टाइमचे अर्धे अर्धे तास विकत घेऊन हा पठ्ठ्या छडी घेऊन तक्ते दाखवत राष्ट्रीय कर्ज समजावत बसायचा आणि लोक बघायचेसुद्धा. खर्च 6 कोटी डॉलरच्या वर, बहुतेक सगळा स्वतःच्या खिशातून. मतं 18.9 टक्के, इलेक्टोरल मतं (राज्य जिंकलं की मिळणारी, ज्यांवर अध्यक्ष ठरतो) शून्य, कारण एकही राज्य जिंकलं नाही. मेन आणि युटामध्ये मात्र दुसरा आला.

त्याने बुशला पाडलं असं छातीठोक सांगणारे खूप भेटतात, पण एक्झिट पोलमध्ये त्याच्या मतदारांची दुसरी पसंती बुश आणि क्लिंटन दोघांत जवळपास सारखीच वाटलेली दिसली, त्यामुळे मला तरी ते पटत नाही.

आता 96. ह्या वेळी पक्ष होता, आणि पक्षाचं तिकीट मिळवायला कोलोराडोचे माजी गव्हर्नर रिचर्ड लॅम यांना हरवावं लागलं. पैसा सरकारी, साधारण 2.9 कोटी डॉलर, तोही 92 च्या मतांच्या जोरावर मिळालेला (5 टक्क्यांच्या वर मतं असली की पुढच्या वेळी सरकारी निधी). पण तो घेतला की स्वतःचे फक्त 50 हजार डॉलर घालता येतात, म्हणजे अब्जाधीश असून हात बांधलेले. आणि डिबेटच्या आयोगाने, जिंकायची शक्यता नाही म्हणून, बोलावलंच नाही. मतं 8.4 टक्क्यांवर आली. माझ्या मते सगळ्यात जास्त फटका डिबेटचाच, कारण 92 ला माघारीनंतर घसरलेला आकडा त्या स्टेजवरूनच परत वर आला होता.

पक्षाचा फायदा झाला तो नंतर, तोही दुसऱ्यांना. 1998 ला कुस्तीवाला जेसी व्हेंच्युरा ह्याच पक्षाकडून मिनेसोटाचा गव्हर्नर झाला, आणि 2000 ला पेरोच्या मतांवर मिळालेले 1.26 कोटी डॉलर गेले पक्षाचा त्या वेळचा उमेदवार पॅट ब्युकॅननकडे, ज्याला अर्धा टक्काही मतं पडली नाहीत.