जपानच्या डोंगरातली गावं ओस कशी पडत गेली

जपानमधल्या म्हाताऱ्या गावांचा विषय निघाला की घटता जन्मदर हे उत्तर तयारच असतं. देशाच्या लोकसंख्येला २००८ नंतर उतार लागला, हे खरं. पण शिकोकू, चुगोकू, तोहोकू या भागांतल्या डोंगराळ गावांची पडझड त्याच्या पन्नास वर्षं आधी सुरू झाली होती. तेव्हा देशाची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती आणि त्या गावांतल्या शाळा मुलांनी गजबजलेल्या होत्या. हा क्रम नीट लक्षात घेतला नाही तर दोष भलत्याच्याच माथी जातो.

१९४५ साली युद्ध संपलं तेव्हा गावांत माणूस मावत नव्हता. शहरं बाँबहल्ल्यांत बेचिराख झाली होती. मांचुरिया, कोरिया, तैवानमधून आणि वेगवेगळ्या आघाड्यांवरून साठ लाखांहून जास्त लोक मायदेशी परतले, आणि त्यातल्या अनेकांनी गावाकडच्या घराचाच आसरा घेतला. पाठोपाठ जमीनसुधारणा झाल्या, कुळं मालक झाली. पण वाट्याला आलेला तुकडा साधारण एका हेक्टरच्या आसपासचा, डोंगरात त्याहूनही लहान. एवढ्यावर घर चालणं शक्य नव्हतं. रोख पैसा यायचा तो रानातून.

हा भाग थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण तो सहसा सांगितला जात नाही. भाताची कापणी उरकली की माणसं डोंगरात कोळशाच्या भट्ट्या लावायची. पंधरा-वीस वर्षांची ओकची झाडं बुंध्याजवळ तोडायची, लाकूड मातीच्या भट्टीत रचून दिवसेंदिवस धुमसत ठेवायचं आणि तयार कोळसा पाठीवर लादून खाली आणायचा. तोडलेल्या बुंध्याला पुन्हा धुमारे फुटायचे आणि तेच रान पुढच्या पिढीला कामी यायचं. शहरातल्या घरोघरच्या शेगड्या या कोळशावर पेटत. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून गॅस आणि रॉकेल आलं आणि दहा-पंधरा वर्षांत हा धंदा पार बसला. हिवाळ्याची कमाईच गेली.

त्या जागी काय करायचं, याचं उत्तर सरकारने दिलं होतं: सुगी आणि हिनोकी लावा. ही दोन्ही इमारती लाकडाची सूचिपर्णी झाडं. युद्धानंतर घरबांधणीला लाकूड कमी पडत होतं, म्हणून लागवडीला अनुदान मिळालं. ओकची रानं तोडून लोकांनी डोंगरच्या डोंगर लावले. आपण लावायचं आणि मुलांनी विकायचं, असा चाळीस-पन्नास वर्षांचा हिशेब होता. पण १९६४ पर्यंत लाकडाची आयात पूर्ण खुली झाली. १९५५ च्या सुमारास देशाच्या गरजेतलं नव्वद टक्क्यांहून जास्त लाकूड देशातच मिळत होतं, २००२ मध्ये ते प्रमाण १८.८ टक्क्यांवर आलं. लावलेली झाडं तोडणीला आली तेव्हा तोडणावळही सुटेना. आज दर वसंतात कोट्यवधी जपानी लोकांना शिंका आणि डोळ्यांची जळजळ सोसावी लागते ती याच सुगीच्या परागकणांमुळे. काही ठिकाणी या गर्द रानात शिरलं तर झाडांच्या रांगांमधून दगडी बांध दिसतात. एकेकाळी ती भाताची खाचरं होती. कसणारा कोणी उरला नाही तेव्हा घरच्यांनी जाताना त्यांतही सुगी लावून टाकली.

रानातली कमाई आटत होती त्याच काळात कारखान्यांना माणसं हवी होती. १९५४ च्या वसंतात उत्तरेतल्या आओमोरीहून टोकियोच्या उएनो स्थानकाकडे एक खास गाडी सुटली. गाडीत नुकतीच माध्यमिक शाळा संपवलेली, पंधरा वर्षांची मुलंमुली होती. शाळा आणि रोजगार कार्यालयांनी मिळून त्यांच्या नोकऱ्या आधीच ठरवल्या होत्या. अशा गाड्या १९७५ पर्यंत धावत राहिल्या. मालक या मुलांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. १९६० मध्ये इकेदा हायातो यांच्या सरकारने राष्ट्रीय उत्पन्न दहा वर्षांत दुप्पट करण्याची योजना आणली आणि गावातले बापेही हिवाळाभर बांधकामांवर जाऊ लागले. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी टोकियोत जे रस्ते आणि इमारती उभ्या राहिल्या, त्यांत या हंगामी मजुरांचा घाम आहे. शेती उरली आजोबा, आजी आणि आई या तिघांवर.

जानेवारी १९६३ मध्ये ‘जपान समुद्रा’लगतच्या पश्चिम किनाऱ्याकडे भयंकर बर्फ पडला. शिमाने प्रांतातल्या हिकिमीसारख्या डोंगरी वस्त्यांचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. तोवर घरटी एखाददुसरा माणूस जात होता. आता अख्खी कुटुंबं दाराला कुलूप लावून निघाली.

सरकार जागं झालं ते १९७० मध्ये. विरळ होत चाललेल्या भागांसाठी दहा वर्षांचा तातडीचा कायदा झाला, आणि नाव व रूप बदलत तो आजही चालू आहे. या भागांतल्या पालिकांना खास कर्ज काढायची मुभा मिळाली आणि परतफेडीचा मोठा भार केंद्राने उचलला. रस्ते, पूल, बोगदे, सभागृहं झाली. दवाखान्यापर्यंत गाडी पोचू लागली हे मोठंच काम होतं, ते नाकारता येणार नाही. पण पैसा बांधकामावर गेला, रोजगारावर नाही. त्याच सुमारास तांदूळ जास्त झाला म्हणून भाताखालचं क्षेत्र कमी करण्याची सक्ती आली. म्हणजे एका हाताने गाव टिकवायला निधी आणि दुसऱ्या हाताने शेत पडीक ठेवायला पैसे. माझ्या मते धोरणाची खरी चूक ही विसंगती होती.

पुढचं सगळं वयाचं गणित आहे. १९६० च्या दशकात जे तिशी-चाळिशीत होते आणि गेले नाहीत, ते १९९० च्या आसपास पासष्टीला पोचले. त्याच सुमारास कोची विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ ओनो आकिरा यांनी शिकोकूतल्या वस्त्यांचा अभ्यास करून एक सीमारेषा मांडली: निम्म्याहून जास्त लोक पासष्टीपुढचे असतील तर गावाची सामायिक कामं होत नाहीत. ही कामं म्हणजे पाटातला गाळ काढणं, रस्त्याकडेचं गवत कापणं, छपरांवरचा बर्फ ओढणं, देवळाचा उत्सव, मयताला खांदा. यातलं एकही काम एकट्याने होत नाही. त्यांनी अभ्यासलेल्या कोची प्रांतातल्या ओतोयोमध्ये १९५५ साली २२,००० च्या आसपास वस्ती होती. २०२० मध्ये ती साडेतीन हजारांच्याही खाली गेली.

मुली आधीच गेल्या होत्या. थोरल्या मुलाने घर धरायचं ही रीत टिकली, पण त्याच्याशी लग्न करून सासू-सासऱ्यांसह शेतात राबायला कोणी तयार होईना. १९८५ मध्ये यामागाता प्रांतातल्या आसाही गावाच्या प्रशासनानेच पुढाकार घेऊन फिलिपिन्समधून वधू आणल्या. २०१४ मध्ये माजी मंत्री मासुदा हिरोया यांच्या अभ्यासगटाने ८९६ पालिका नाहीशा होण्याच्या वाटेवर असल्याचं सांगितलं, तेव्हा निकष विशी-तिशीतल्या बायकांचाच होता: २०४० पर्यंत त्यांची संख्या निम्म्यावर येईल अशी ठिकाणं. देशभर खळबळ माजली. यामागाताच्या गावकऱ्यांना तो प्रश्न तीस वर्षं आधीच कळलेला होता.

मधल्या काळात पालिकांची विलीनीकरणं झाली. १९९९ मध्ये ३,२३२ असलेल्या पालिका २०१० पर्यंत १,७२७ वर आल्या. खर्च वाचला, पण गावातली कचेरी गेली, आणि तिच्याबरोबर गावातल्या मोजक्या पक्क्या नोकऱ्याही.

१ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. सुझू आणि वाजिमा या तिथल्या शहरांत निम्म्याच्या आसपास लोक पासष्टीपुढचे. दरडी कोसळून रस्ते बंद पडले आणि कितीतरी वस्त्या अडकून पडल्या. त्याच वसंतात अर्थमंत्रालयाच्या सल्लागार परिषदेत सूर निघाला की पुनर्बांधणी करताना पुढच्या देखभालीचा खर्च बघावा आणि वस्त्या एकत्र आणण्याचा विचार व्हावा. सप्टेंबरमध्ये अतिवृष्टी झाली आणि भूकंपग्रस्तांच्या तात्पुरत्या घरांतही पाणी शिरलं.

खर्चाचा प्रश्न रास्तच आहे. पण तो फक्त आजच्या रस्त्याच्या खर्चापुरता मांडला जातो, हे मला पटत नाही. कारखान्यांना पंधरा वर्षांची मुलं दिली ती या प्रांतांनी, आणि त्यांना तोवर वाढवण्या-शिकवण्याचा खर्चही तिथल्या घरांनी आणि शाळांनीच सोसला. त्यांनी कमावलेल्या पैशावरचा कर मात्र टोकियो-ओसाकात जमा झाला. जपानमध्ये २००८ पासून शहरातल्या नोकरदाराला आपल्या कराचा काही भाग आवडीच्या गावाला देणगीच्या रूपाने वळवता येतो. ती सोय करताना हेच कारण पुढे केलं होतं; सुझू आणि वाजिमाच्या चर्चेत ते कोणी फारसं काढत नाही.